मॉडची यादी आणि चौकातलं दुकान

वाटणीत थोरल्या भावाने रस्त्यावरचं दुकान ठेवलं आणि मला मागचं गोदाम दिलं. तिथूनच मी चादरींचा धंदा उभा केला. पण ती गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली. तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला आणि त्यातल्या तलवारी-जादूच्या खेळाचा मला नाद लागला. या खेळात चाहते आपापली भर घालतात, त्याला मॉड म्हणतात. कुणी झाडं वाढवतं, कुणी घरं बांधतं. असे साठेक मॉड मी जमवले होते. यंदा वाढदिवसाला लेकीने स्वतः एक करून पाठवला: खेळातल्या मुख्य चौकात, अगदी रस्त्यावर, माझं चादरींचं दुकान.

मॉड घातला, चौकात गेलो. दुकान नाही. त्या जागी भलंमोठं झाड. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"माल तपासून पाठवायचा असतो! तूसुद्धा मला दुकान दाखवून झाड दिलंस?"

"पप्पा, तुमचं भांडण मोठ्या काकांशी आहे. माझ्याशी नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पुढे दोन दिवस उचलला नाही.

रविवारी सकाळी मी खेळातल्या मॉडच्या यादीकडे बघत बसलो होतो. बायको येऊन मागे उभी राहिली. ती मंगळवेढ्याकडची, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही.

"पोरीचा माल कुटं ठेवलाय?"

"सगळ्यात वर." दुकानात मी हेच करतो, उत्तम चादर थप्पीच्या वर.

"आन् खेळ यादी कसा घेतो? वरनं खाली?"

"वरून खाली. एकेक मॉड घालत जातो."

"म्हंजे पोरीची चादर आदी अंथरली, मग तिच्यावर बाकीच्या साठ टाकल्या. दिसंल कशी? इतकी वर्सं चादरी इकताय की!"

मी चिडलो, कारण तिचं बरोबर होतं. दोन मॉड एकाच जागेवर हक्क सांगतात तेव्हा शेवटचा टिकतो. मी लेकीचा मॉड ओढून यादीच्या तळाला नेला, झाडांवाल्याच्याही खाली.

पुन्हा चौकात गेलो, तर दुकान उभं होतं. दारात लाल-पांढऱ्या चादरी, गल्ल्यावर माझ्यासारख्या मिशांचा माणूस, हाताची घडी घालून. मला रस्त्यावर जागा द्यावी असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. हिला वाटलं, आणि त्यासाठी तिने नोकरी सांभाळून किती रविवार घातले असतील. मी ते झाडाखाली पुरून वर तिलाच झापलं होतं.

बायकोच्या मोबाइलवरून फोन लावला.

"माल चोख होता. मांडणी माझी चुकली."

"एवढंच?"

"अजून काय पाहिजे?"

"पप्पा, घासाघीस नको. नीट म्हणा."

नीट माफी मागितली. समोरच्याने सांगितलेला पहिलाच भाव मान्य करण्याची माझी ती पहिलीच वेळ. पलीकडे ती रडतेय की हसतेय ते कळेना. बायको मात्र उघड हसत होती.