माठाला लावलेला कान

फोन नांदेडहून आला, शनिवारी दुपारी. लातूरच्या माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी ग्राइंडर बंद केला, तरी पहिलं वाक्य नीट कळलंच नाही. हॉटेलातला आचारी बोलत होता. "रफीकभाई, टाकीवर तुमचा नंबर हाय म्हणून तुम्हालाच लावला. बालाजी सर टाकीत पडलेत... हलंनात." त्या टाकीचं तोंड मी माझ्या हातानं कापलं होतं. आज दीड महिना होऊन गेला. रडून झालं; आता नुसता संताप आहे, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

बालाजी औशाजवळच्या खेड्यातला, माझा अकरावीपासूनचा मित्र. पुण्यात बियर बनवायचं काम शिकला आणि परत येऊन नांदेडच्या बायपासवरच्या एका हॉटेलात ज्वारीची बियर करू लागला. आपली ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, असं सगळं स्वतः. जुन्या दुधाच्या टाक्या कापून-जोडून मी त्याला भांडी करून दिली. मी थेंबालाही शिवत नाही, हे त्याला माहीत. "रफीक, तुझ्या टाकीतून एवढी बियर निघूलालीय, वर गेल्यावर काय सांगणार?" मी म्हणायचो, स्टील जोडलं, एवढंच सांगेन. आणि गंमत म्हणजे प्यायचा तोही नाही! घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि मोरीत थुंकायचा. "पिलं की नाक मरतंय," म्हणायचा.

आईपासून त्यानं हा धंदा लपवला नाही. मी त्यांना मावशी म्हणतो; त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आंबीलच की रे." आमच्याकडे वेळ अमावस्येच्या सणाला गावं ओस पडतात, सगळे शेतात असतात. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली आंबील माठातून निघत राहते, आणि लातूरचे आम्ही मित्र दरवर्षी त्यांच्या शेतात पोट फुगेपर्यंत पीत राहतो. आंबील आंबत घातली की मावशी माठाला कान लावून आतले बुडबुडे ऐकायच्या. बालाजीही टाकीला तस्साच कान लावायचा. शेजारी चकचकीत मीटर, आणि हा डोळे मिटून उभा. मी विचारायचो, डॉक्टर, पेशंट कसा आहे? "बोलूलालाय," म्हणायचा.

बियर काढली की टाकीच्या तळाशी गॅस राहतो. दिसत नाही, पण आत वाकलेल्या माणसाची शुद्ध दोन श्वासांत जाते. म्हणून बालाजी रात्रभर टाकीचं तोंड उघडं ठेवून मगच आत उतरायचा. हवा मारायचा पंखा बसवा, असं आम्ही दोघांनी हॉटेलमालकाला कितीदा सांगितलं... बघू, बघू! त्या शनिवारी संध्याकाळच्या गर्दीसाठी मालकाला टाकी तासाभरात धुऊन हवी होती. हे मला आचाऱ्यानंच नंतर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तोच मालक पांढरे कपडे घालून गावात आला. ओसरीवर सगळ्यांसमोर आवाज खाली आणून म्हणाला, "गुणी माणूस. पण त्या दिवशी जरा जास्त झाली असावी." जीभ कशी झडली नाही! बालाजीच्या चुलत्यांनी, अण्णांनी, मान हलवली. "दारूच्या धंद्यात दुसरं काय व्हणार?" आणि मी भिंतीला टेकून गप्प बसून होतो. टाकी कोणी केली, असं कुणी विचारलं तर? या भीतीनं माझं तोंड उघडलं नाही. मालकाची चीड येतेच, पण त्याहून जास्त मला माझी येते.

रक्ताचा अहवाल वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी आला. बालाजीच्या बहिणीबरोबर नांदेडच्या पोलीस ठाण्यात जाऊन मी तो दोनदा वाचला. दारूचा अंशही नाही. "माईला तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गेलो. दुखवट्याचं वर्ष, सण नव्हता. अण्णा ओसरीवर बसले होते. आत मावशी चुलीशेजारच्या माठाला कान लावून बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"रफीक, खरं सांग. पिऊन व्हतं का माझं लेकरू?"

दीड महिना ही बाई हा प्रश्न गिळून बसली होती. मी सगळं सांगितलं. गॅस, पंखा, मी कापलेलं तोंड, अहवाल. मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, बाहेर अण्णांना ऐकू जावं म्हणून.

"मग तवा का गप बसलास?" मावशी म्हणाल्या.

त्यांनी तांब्याभर आंबील माझ्यापुढे ठेवली. मी ती संपवेपर्यंत बघत राहिल्या.

"तुला लिवता येतंय न्हवं? मग लिव्ह. पेपरात लिव्ह. ह्येंला वाचता येतंय." त्यांनी ओसरीकडे बोट केलं.

निघताना वळून पाहिलं. सण नाही, पाहुणे नाहीत, आणि मावशी पुन्हा माठाला कान लावून बसलेल्या.

मावशी, लिहिलंय. तुमचं लेकरू पिऊन नव्हतं.