समजावून सांगणाऱ्या शेखबाई

शेखबाई गेल्याची बातमी मला माझ्या थोरल्या भावाने, अण्णांनी, फोनवर दिली. "बाई गेल्या," एवढंच म्हणाले आणि थांबले. अण्णांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आहे. दोन शब्दांत थांबलेले मी त्यांना त्या दिवशी प्रथमच ऐकलं. रेहाना शेख, वय एकसष्ट, हृदयविकाराचा झटका, कसबा पेठेतल्या राहत्या घरी, सकाळी कामावर निघता निघता... त्याला आता पाच आठवडे झाले.

सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या एका दवाखान्यात बाई तीस वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट होत्या. चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यातला दाब मोजायचा आणि डॉक्टर जे तीन मिनिटांत सांगून मोकळे होत, ते पेशंटला कळेल अशा भाषेत पुन्हा सांगायचं. यातलं शेवटचं काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. शोकसभेत एका वक्त्याने त्यांना 'तिमिरात तेवणारी दीपमाळ' म्हटलं आणि मग ती दीपमाळ चाळीस मिनिटं तेवत ठेवली. बाई समोर असत्या तर त्यांनी शांतपणे विचारलं असतं, "म्हणजे नक्की काय हो?" पेशंटसमोर कोणी अवघड शब्द वापरला की त्या हेच विचारत, मग समोर डॉक्टर का असेना. एखादी नवी पेशंट कौतुकाने म्हणे, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं: "तुमचंही."

त्या वाढल्या कसब्यात, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या शेजारात. डोळ्यात धातूचा कण गेला की पदराचं टोक ओलं करून तो काढायचा, हा तिथला घरगुती इलाज. बाई सांगायच्या, "पदर स्वच्छ असेल हो, पण कण रुतलेला असतो. पुसायला गेलात की बुबुळावर ओरखडा. चोळू नका, काढू नका, तसेच इकडे या." आणि तंबाखूचा चुना डोळ्यात उडाला तर? "तर इकडे यायच्या आधी नळाखाली बसा. अर्धा तास तरी डोळ्यावर पाणी सोडत राहा, मग रिक्षा शोधा." एका ठिकाणी हात लावायचा नाही, दुसऱ्या ठिकाणी थांबायचं नाही. कारण कळलं की लोकांच्या लक्षात राहतं, यावर त्यांचा विश्वास होता. माझा नव्हता. माणसं ऐकतात एक आणि करतात दुसरं, हे मी पुष्कळ वाचलं होतं आणि घरात पाहतही होतो.

घरात म्हणजे अण्णांकडे. त्यांना अंधुक दिसायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच निदान केलं: मोतीबिंदू. "पिकू दे जरा, मग काढू." आमच्या वडिलांनी असंच केलं होतं, आजोबांनीही. मग अण्णा उभ्या असलेल्या स्कूटरना धडकू लागले. आमच्या गल्लीत स्कूटरला कोण धडकत नाही? दोन वर्षं गेली. आणि हे लिहायला हवं, की "घाई काय आहे, पिकू दे," असं मीही म्हणत होतो. चार पुस्तकं जास्त वाचलेला मी.

शेवटी वहिनींनी त्यांना दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. बाईंनी दाब मोजला, पुन्हा मोजला. मग अण्णांचा डावा डोळा हाताने झाकायला लावला आणि म्हणाल्या, "आजोबा, माझ्या नाकाकडे बघा."

"आजोबा कोणाला म्हणता?"

"बरं, अण्णा. नाकाकडेच बघा. बाजूला माझी किती बोटं दिसतात?"

"बोटं कुठे आहेत?" अण्णा म्हणाले. बोटं मला स्पष्ट दिसत होती.

मोतीबिंदू थोडा होता, पण खरा आजार होता काचबिंदू. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं, डोळ्यात घालायचे थेंब लिहून दिले आणि पुढचं बाईंकडे आलं. "अण्णा, खडकवासल्यात पाणी येतंय, पण खाली सोडायचं दार अडकलंय. काय होईल?"

"दार नव्हे, दरवाजे," भूगोलाचे शिक्षक म्हणाले. "भिंतीवर दाब वाढेल."

"तसंच डोळ्यात. हे अश्रूंचं पाणी नव्हे, आतलं. त्या दाबाने डोळ्यामागची नस सुकत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. आधी कडेचं दिसायचं बंद होतं. आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते, त्याने अडायला लागलं की काढायचा. आता हे सगळं तुम्ही मला समजावून सांगा. मला काही माहीत नाही असं धरा."

अण्णांनी झकास सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे थेंब घातले की उजव्या डोळ्याला दिसू लागेल."

"नाही," बाई म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "हे भावंडांत असू शकतं. तुम्ही बसा खुर्चीत." बसलो. माझा दाब ठीक निघाला. वर्षातून एकदा यायची ताकीद मिळाली.

अण्णांनी घरी येऊन औषध कपाटात ठेवून दिलं. ज्याने काही परत येणार नाही, ते घालायचं कशाला, हा त्यांचा मुद्दा. वहिनी रडल्या, मी वाद घातला. तारखेला ते तपासणीलाही गेले नाहीत, तेव्हा चौथ्या दिवशी काम आटोपल्यावर बाई स्वतः जिना चढून आल्या. बाटली मागितली. सील फोडलेलंही नव्हतं. मला वाटलं, आता रागावतील.

"उजवा गेला तो गेला," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे परत आणायचं औषध नाही, राखायचं आहे. डाव्या डोळ्याने काय राखायचं ते तुम्ही ठरवा. मी ठरवणार नाही."

अण्णा टेबलाकडे हात करून म्हणाले, "पेपर. कोणी वाचून दाखवलेला मला चालत नाही."

"मग मान मागे करा." पहिला थेंब त्यांनी घातला. डोळा मिटायला लावून नाकाजवळच्या कोपऱ्यावर अण्णांचंच बोट दाबून धरलं. "दोन मिनिटं. बोलायचं नाही." अण्णा दोन मिनिटं बोलले नाहीत. वहिनींना हे औषधापेक्षा मोठं आश्चर्य वाटलं.

याला सहा वर्षं झाली. अण्णांनी सकाळ-संध्याकाळचा एकही थेंब चुकवलेला नाही. डाव्याचा मोतीबिंदू वेळेवर काढला, आणि त्या डोळ्याचा दाब ताब्यात आहे. बाईंच्या नावाने पुरस्कार नाही, दवाखान्यात त्यांची तसबीरही अजून लागलेली नाही. पण सदाशिव आणि कसबा या दोन पेठांत असे किती डोळे असतील, जे केवळ कोणीतरी नीट समजावून सांगितलं म्हणून शाबूत आहेत... त्यांतल्या एकाला मी ओळखतो, याचा मला अभिमान आहे.

वर्तमानपत्राची ही पुरवणी अण्णांच्या घरी सकाळी साडेसहाला पडते. आधी थेंब, मग दोन मिनिटं, मग कागद नाकाशी धरून ते हा लेख पहिल्या ओळीपासून वाचतील. नऊपर्यंत त्यांचा फोन येईल आणि यातल्या चुका ते मला एकेक करून सांगतील.