व्हर्नेलची मोजणी

तुरुंगातून सुटलेल्या बायकांसाठी अमेरिकेतल्या आमच्या टोलेडो शहरात एक घर आहे. व्हर्नेल टिब्स तिथे राहते. आत असताना दुपारी चारला प्रत्येकीनं खाटेशेजारी उभं राहायचं आणि पहारेकरीण मोजून जाईपर्यंत बसायचं नाही, असा नियम होता. व्हर्नेल बाहेर आली तरी चारला उभीच राहते. हातात सोललेला बटाटा असला, तरी. मी तिथे स्वयंपाकाला मदत करते. मी म्हणते, "मोजलं गं, बस." मग बसते.

घर चालतं एका धर्मादाय संस्थेच्या पैशावर. या वर्षी आणखी एक खोली हवी होती, कारण व्हर्नेलची कोठडीतली सोबतीण ओडेसा हिला राहायचा पत्ता दाखवल्याशिवाय सोडणार नव्हते. देणगीदारांच्या जेवणात व्हर्नेलनं बोलायचं ठरलं. जन्मभर रंगमंचावर वावरले, तेव्हा तालीम अर्थातच माझ्याकडे.

"इथे थांब. जरा गळा दाटू दे," मी म्हटलं.

"दाटत नाही, मिस कोरा."

"माझा तरी कुठे दाटायचा? मी चिरलेला कांदा आठवायची."

"कांदा आठवला की मला भूक लागते."

देणगीदारांची दुपारची जेवणं लांबली. व्हर्नेल खुर्चीत बसून सपाट आवाजात बोलत होती, जणू दुसऱ्या कुणाचा निरोप सांगतेय. "आई गेली तेव्हा मी आत होते. ओडेसानं माझे केस विंचरले," असं म्हणाली आणि बाहेर चर्चच्या घंटेचे चार टोले पडले. ती उठली. हात सरळ, नजर समोर, तोंड बंद.

सभागृहात एकेक जण उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय थांबली हो! तुम्ही शिकवलंत?"

इतक्या टाळ्या मला कधी पडल्या नाहीत. त्या ओसरल्या, सगळे बसले, व्हर्नेल तशीच उभी. मी मागच्या रांगेतून म्हणाले, "मोजलं गं, बस."

ती बसली. लोक हसले, त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला.

खोली मंजूर झाली. मी सांगितलं, तर व्हर्नेल "बरं" म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

ओडेसा थंडीत आली. बुटकी, बडबडी बाई. पहिल्याच दुपारी चारला दोघी ओट्याशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि ओडेसाची बडबडही थांबली. मी हात पुसले.

"दोन," म्हणाले. "बसा."