गुन्वोरचा बाविसावा आठवडा

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी आमच्या जिन्यात धाडधाड आवाज यायला लागला. मी दार उघडून पाहते तर गुन्वोर! एकाहत्तर वर्षांची बाई, अंगात हिवाळ्यातला कोट, एका हातात सुटकेस, गळ्यात स्टॉपवॉच, चेहरा बिटासारखा लाल.

"अगं बाई, आग लागली की काय?" मी म्हटलं.

"बाजूला हो एल्सी! पॅरिसमध्ये आहे मी!"

आणि गेली वर. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिथूनच ओरडली, "सहा मिनिटं चाळीस! छे, उशीर झाला, गाडी गेली!" मग सुटकेस आपटत पुन्हा खाली, तळघरातल्या सगळ्या इमारतीच्या धुलाईच्या खोलीपर्यंत. तिथून पुन्हा वर. पॅरिसला एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर जायचं म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिसऱ्या फेरीला मी तिचा कोट धरला आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवली. कॉफी ओतली. तिने इतक्या घाईने कप उचलला की बशीत अर्धी सांडली.

"एल्सी, एक जरी गाडी चुकली ना," ती म्हणाली, "तर तो मेलेलाच दिसेल मला."

तो म्हणजे टोर्स्टेन, तिचा धाकटा भाऊ. नऊ वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं.

गुन्वोर हेडलुंडला मी तीस वर्षं ओळखते. ती तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. स्टॉकहोमच्या उत्तरेला असलेल्या आमच्या सुंड्सवालमध्ये, आमच्याच भागातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने चौतीस वर्षं काढली. चारशे पोरांचं जेवण बरोब्बर अकराच्या ठोक्याला टेबलावर. चौतीस वर्षांत एकदाही अकरा वाजून एक मिनिट झालं नाही, हे ती तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगणार. धुलाईच्या खोलीत चिठ्ठ्या लावणारी बाई प्रत्येक इमारतीत असते ना, ती आमच्याकडे हीच. 'कपडे वाळवायच्या मशीनच्या जाळीतला कचरा काढा. सगळ्यांनी. म्हणजे तुम्हीसुद्धा.' मी डाकेवर होते, अख्ख्या गल्लीची पत्रं वाटली, पण त्या बाईच्या चिठ्ठ्यांइतकं कडक टपाल कधी हातात आलं नाही.

विमानाला ती शिवत नाही, त्याला कारण आहे. दहा वर्षांपूर्वीच्या त्या कोरड्या उन्हाळ्यात जंगलं पेटली. त्यात तिच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं तळ्याकाठचं लाकडी घर गेलं. मी तिच्यासोबत गेले होते बघायला. नुसती चूल उभी होती. गुन्वोर त्या राखेत बुटांसकट उभी राहिली आणि म्हणाली, "हवा तापली म्हणून हे झालं. आजपासून मी आभाळात धूर सोडणार नाही." बाई एकदा बोलली म्हणजे बोलली.

टोर्स्टेन तेव्हा नुकताच निवृत्त होऊन पोर्तुगालला गेला होता, ताविरा नावाच्या गावात. ऊन, संत्री, गुडघेदुखी गायब. पुढच्याच वर्षी आई गेली. तो सकाळच्या विमानाने आला, संध्याकाळच्या विमानाने परत निघणार होता. चर्चमधल्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला, सगळ्या नातेवाइकांसमोर, हिने तोंड उघडलं.

"आईला पोचवायला आलास की धूर सोडायला?"

त्याने कप खाली ठेवला. "ठीक आहे. आता तू रुळांवरून ये मला भेटायला. तोवर येऊ नकोस," म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. मी तिथेच होते, केकचा घास तसाच तोंडात राहिला होता. दोघेही एकाच खोडाची लाकडं, वाकायचं नाव नाही.

आणि या एप्रिलमध्ये त्याचं पोस्टकार्ड आलं. चार ओळी. 'हृदयाचं ऑपरेशन आहे. वर्षाच्या बाविसाव्या आठवड्यात, बुधवारी. डॉक्टर म्हणतात, वाचण्याचे चान्स अर्धेअर्धे. तुझे रूळ इथपर्यंत येतात का बघ.'

तिने उलट टपाली तीन शब्द लिहिले. 'येते आहे. रुळांवरून.' कार्डाच्या कडेला लिंगनबेरी या लाल रानफळाच्या मुरंब्याचा डाग पडला तो तसाच गेला.

तेव्हापासून तिच्या स्वयंपाकघराचं स्टेशन झालं. भिंतीवर युरोपचा नकाशा, टेबलावर रेघांची वही, पेन्सिल, खोडरबर. सुंड्सवालहून स्टॉकहोम. तिथून रात्रीच्या गाडीने हॅम्बर्ग. मग पॅरिस, बार्सिलोना, माद्रिद. पुढे स्पेन संपतो तिथे बादाहोसला उतरून छोट्या गाडीने पोर्तुगालात शिरायचं, लिस्बन गाठायचं, आणि शेवटी ताविरा. प्रत्येक ठिकाणी गाडी बदलायला कमीत कमी तीन तास, हा तिचा कायदा.

"तीन तास काय करणार तू हॅम्बर्गला?" मी विचारलं.

"काळजी."

खोटं नाही सांगत, तेवढंच उत्तर दिलं तिने. आणि काळजी तिला कशाची नव्हती ते विचारा! स्टॉकहोमला रूळ तापून वाकले तर? जर्मनीत संप झाला तर? बादाहोसची गाडी दिवसाला एकदोनच, ती हुकली तर? बर्थवरचा माणूस घोरला, हिला झोप लागली नाही, आणि झोपेअभावी चुकीच्या डब्यात चढली तर? प्रत्येक 'तर'ला वहीत वेगळं पान. डबल प्रिंट केलेली तिकिटं, एक प्रत सुटकेसमध्ये, एक कोटाच्या अस्तरात शिवलेली. कडक ब्रेडची पाकिटं, माशाच्या अंड्यांच्या पेस्टची ट्यूब, ब्लडप्रेशरच्या गोळ्या दोन डब्यांत. मीसुद्धा स्वप्नात गाड्या चुकवायला लागले होते, आणि मला तर कुठे जायचंही नव्हतं.

पण वेळापत्रक जमलं बाई! पंचवीस मेला निघायचं, तीस मेला रविवारी संध्याकाळी ताविरात. बुधवारी, दोन जूनला, ऑपरेशन. मधले दोन दिवस भावाजवळ. नऊ वर्षांचं सगळं त्या दोन दिवसांत बोलून घ्यायचं होतं तिला. "माफी मागणार आहेस का?" मी विचारलं. "बघू, त्याने मागितली तर," म्हणाली, पण वहीच्या शेवटच्या पानावर चारपाच ओळी लिहून खोडलेल्या मी पाहिल्या होत्या.

गुरुवारी, वीस मेला, सगळं पक्कं झाल्यावर तिने त्याला फोन लावला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण एकटीला धीर होत नव्हता. केस विंचरले होते, जसं काही तो बघणारच होता.

"टोर्स्टेन? मी. लिहून घे. रविवारी, तीस मेला, संध्याकाळी सात बावीसला पोचते."

पलीकडून त्याचा आवाज, इतका हळू की मीही कान टवकारले.

"तीस मेला."

"हो. तीन तीन तासांची सूट ठेवून."

"बरं जमवलंस गुन्वोर. जिवंत राहिलो तर भेटू. नाहीतर चर्चनंतरच्या कॉफीला पोचशील. तिथे तुला बोलायला आवडतंच."

आणि फोन ठेवला.

गुन्वोरने फोन टेबलावर आपटला. आधी रागाने फुलली, "बघितलंस? मरायला टेकला तरी जीभ तीच!" आणि पुढच्या क्षणी एप्रनमध्ये तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. चौतीस वर्षं स्वयंपाकघर चालवलेली ही कडक बाई अशी रडताना बघून माझं डोकंच फिरलं. मी फोन उचलला आणि पुन्हा लावला.

"टोर्स्टेन, मी एल्सी, पहिल्या मजल्यावरची. तुझ्या बहिणीला काय बोललास रे? ऑपरेशनच्या आधी तीन दिवस येतेय ती!"

"आधी?" तो म्हणाला. "ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. बाविसावा आठवडा, लिहिलं होतं की मी."

"तारीख सांग."

"सव्वीस मे."

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सव्वीस मे एकविसाव्या आठवड्यात होता. ठळक लाल आकड्यात.

आता आमच्याकडे सगळं आठवड्याच्या आकड्यात चालतं. सुट्टी एकोणतिसाव्या आठवड्यात, दाताचा डॉक्टर एकेचाळिसाव्यात. तारीख विचारली तर माणसं डोकं खाजवतात. हॉस्पिटलने टोर्स्टेनला तारीखच दिली होती. पण बहिणीला लिहायचं म्हणून, घरच्या पद्धतीने, त्याने फोनमध्ये आठवडा शोधून आकडा लिहिला. फोन होता त्याच्या अमेरिकन शेजाऱ्याकडून घेतलेला. अमेरिकेत एक जानेवारी ज्या आठवड्यात येईल तोच पहिला, मग तो दिवस कोणताही असो. यंदा एक जानेवारी आला शुक्रवारी. आमच्या हिशेबाने ज्या वर्षाचे दिवस जास्त, आठवडा त्याचा, म्हणजे तो जुन्या वर्षाचा. झालं! वर्षभर त्याच्या फोनचा आकडा आमच्यापेक्षा एकाने पुढे.

"कप्पाळ माझं!" मी म्हटलं. "तारीख लिहिली असतीस तर हात झडला असता का?"

तो हळूच म्हणाला, "म्हणजे ती मुद्दाम उशिरा येत नव्हती ना..." आणि मी म्हटलं, "मूर्खा, ती बाई महिनाभर जिन्यात पळतेय तुझ्यासाठी."

गुन्वोरने डोळे पुसले, खोडरबर घेतलं आणि बसली. आज निघालं तर? रात्रीच्या गाडीत रविवारपर्यंत एकही बर्थ नाही. दिवसाच्या गाड्यांनी? हॅम्बर्ग जमत होतं, पण पॅरिसहून बार्सिलोनाला मंगळवारपर्यंत जागा नव्हती. दुसऱ्या बाजूने, लियॉनवरून? बसने? तिने तीनदा मांडलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, बुधवारी संध्याकाळी. त्याला सकाळी आठला आत नेणार होते. दुपारी तीन वाजता तिने पेन्सिल खाली ठेवली.

"विमानाने जा," मी म्हटलं.

"शपथ घेतली होती मी एल्सी. राखेत उभी राहून."

"ठाऊक आहे. मी होते तिथे."

"सगळ्यांना बोलले मी. तुलासुद्धा बोलले, तू विमानाने मायोर्काला गेलीस तेव्हा."

"चार दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी. तरी सांगते, जा."

ती खिडकीशी गेली. मग परत येऊन तिने स्वतःच फोन लावला.

"टोर्स्टेन, शनिवारी येतेय. विमानाने."

"नको," तो म्हणाला. "अगं, मी इथे गल्लीभर सांगितलंय, माझी बहीण अख्खा युरोप ओलांडून आगगाडीने येतेय. डॉक्टरला सांगतो, आठवडाभर पुढे ढकला म्हणून."

"गप्प बैस! ढकलतोय म्हणे! तुला दिलाय त्या दिवशी मुकाट्याने टेबलावर झोप. मी येते." मग वहीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी कॉफीला मी बोलायला नको होतं."

"मी एका दिवसासाठी यायला नको होतं, गुल्लन," तो म्हणाला. गुल्लन हे तिचं लहानपणीचं नाव. आई गेल्यापासून कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती.

"परत मात्र रुळांवरून येणार आहे मी," नाक ओढत ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये. तोवर तुझी शुश्रूषा. आणि तूही येणार माझ्याबरोबर. बापाच्या घराच्या जागी बर्चची रोपं उगवलीत, कमरेएवढी. बघायची आहेत तुला."

"या छातीने?"

"शिवलेल्या छातीने."

शनिवारी सकाळी मी तिला विमानतळाच्या बसपर्यंत सोडलं. ती इकडेतिकडे बघत होती, कुणी ओळखीचं दिसतंय का म्हणून, आणि समोरून नेमकी धुलाईच्या खोलीवरून रोज भांडणारी मायब्रिट आली. "कुठे निघालीस?" गुन्वोर म्हणाली, "विमानाने, भावाकडे." एवढंच. मान ताठ. माझ्या हातात तिने वही दिली. सगळ्या गाड्या उलट्या क्रमाने लिहिलेल्या, ताविरापासून सुंड्सवालपर्यंत.

"ऑगस्टचे बर्थ पटापट जातात," ती म्हणाली. "बुधवारी फोन करते. तिकीट एक काढायचं की दोन, ते तेव्हा सांगते."

बुधवारी मी सकाळी आठलाच वही उघडून बसले. डॉक्टर चार तास म्हणाले होते. बारा वाजले. एक. मी कॉफी केली, प्यायचीच विसरले. दोन वाजता वाटलं, आपणच लावावा फोन, पण हात धजेना. तीन वाजता तळघरात जाऊन तिच्या जागी जाळीतला कचरा काढून आले, दुसरं काही सुचेना म्हणून. वर आले तर काहीच नाही, कुणाचाही फोन आला नव्हता. वहीत 'तिकिटं' या शब्दापुढची जागा रिकामी. ती बघवेना म्हणून मी तिच्यावर बशी ठेवली.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. ती हॅलोसुद्धा म्हणाली नाही.

"दोन," ती म्हणाली. मग कितीतरी वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं, तिचं आणि माझं. "खालचा बर्थ त्याला दे. आणि एल्सी, हॅम्बर्गला तीन तास पुरे नाहीत हं. हळू चालणार तो."

मी पाच ठेवले.