ठिपका हलून राह्यला!

अख्ख्या बुलढाण्यात दगडाच्या मनाची काळजी करणारा माणूस एकच, अन् तो माझ्या माडीवर भाड्यानं राहतो. कॉलेजात शिकवतो. कॉलेजापुढून एसट्या धडधडत जातात म्हणून त्यानं आपलं यंत्र माडीवर आणून मांडलं. एकाच स्फटिकातून आडव्या, उभ्या, तिरप्या पातळ पट्ट्या कापायच्या, एकेकीच्या एका अंगावर वर्खासारखा धातूचा थर चढवायचा, की ती जराशी वाकते. ते वाकणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पट्टीवर लाल उजेड पाडून समोरच्या भिंतीवर ठिपका किती सरकला ते मोजायचं. मी चौथी नापास. मला एवढंच समजलं, की दिसायला साऱ्या पट्ट्या सारख्या, पण जशी कापाल तसा तिच्या अंगावरचा ताण वेगळा. अन् 'ताण' हा शब्द तो असा म्हणे, जसं घरातलंच कुणी आजारी आहे.

हे माप धक्क्यानं बिघडतं, म्हणून गडी जिना मांजरासारखा उतरे. मलाच सांगे, "काका, शिंक आली तर अंगणात जात जा." माझ्या घरात, मला! माझी बायको मात्र त्याला बधली नाही. "काऊन हो सर, दगडाले कायचा ताण? त्याले काय पोरगी उजवा लागते?" असं म्हणून ती खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायला बसे. लगेच वरून आरोळी, "काकू, थांबा न! ठिपका हलून राह्यला!" ही खालून, "त्याले म्हना, जेवाले ये!" ठिपका कुठला येतो? हाच यायचा, दोन भाकरी चटणीशी हाणायचा अन् वर जाऊन माप पुन्हा पहिल्यापासून. किती वर्षं असंच चाललं. एक पट्टी काही धड मोजून झाली नाही.

यंदा ती गेली. खलबत्ता मी धुऊन पालथा घातला.

ती गेल्यावर एका दुपारी त्यानं मला वर बोलावलं. खिडक्या लावलेल्या, भिंतीवर ठिपका खिळा ठोकल्यासारखा.

"हलत नाही, काका. साऱ्या पट्ट्यांचं माप आलं."

"मंग पेढे आण न बे! रडतो काऊन?"

तो जिना उतरून गेला, पहिल्यांदाच धाडधाड पाय आपटत. मी तिथंच ठिपक्याकडं पाहत बसलो. थोड्या वेळानं खालून दणका आला, मग दुसरा. कुटायची काही रीत नाही पोराला, अर्धे दाणे जमिनीवर गेले असतील. पण भिंतीवर ठिपका थरथरायला लागला.

मी वरून ओरडलो, "हलून राह्यला बे! थांबू नको!"