मी रोज जिंकायची तो खेळ

मैत्रिणींनो, आजचं सांगते. हसू नका.

शाळेतल्या आम्हा पाच जणींचा फोनवर ग्रुप आहे. रोज सकाळी एकजण एखाद्या शब्दाची अक्षरं उलटसुलट करून टाकते, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. हे गेल्यापासून पांढुर्ण्याच्या घरात मी एकटीच. सकाळपासून त्या अक्षरांचीच वाट पाहून राहते. आणि जिंकते पण मीच! पुण्यातल्या पोराला रोज फोनवर ऐकवते.

आज सकाळीच लाइट गेली, फोन बंद पडला. संध्याकाळी उघडला तर सुमननं सकाळी टाकलेली अक्षरं तशीच पडलेली. व, गा, सा, र, व.

अहो, सावरगाव! नदीपलीकडचं. तिथेच तर आमची शाळा होती!

खाली दिवसभराच्या गप्पा होत्या. भाजीचे फोटो, सुनेच्या तक्रारी, मधूनमधून माझी चौकशी, "नंदा कुठं हाय व आज?" उत्तर मात्र एकीनंही दिलं नव्हतं. सौसरची शोभासुद्धा गप्प. शाळेत गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी हात वर करणारी शोभा!

मी शब्द लिहिला. लगेच चौघींचे अंगठे आले. शोभानं लिहिलं, "जिंकली व माय तू आज पण! आमाले तं सुचूनच नोतं राहिलं."

त्यांचा जीव आहे माझ्यावर, कळतं मला. पण मला वाटायचं, आम्ही पाच जणी खेळून राहिलो. खेळत तर मी एकटीच होते.

तुम्ही माझ्या जागी असता तर त्यांना बोलून दाखवलं असतं का?

आत्ताच पोराचा फोन येऊन गेला. "आई, आज कोण जिंकलं?"

"शोभा," म्हटलं मी.