दोरी ताणलेली ठेवा: आलेच ग्लेशियरवर बाबांबरोबर दोन दिवस

मार्चमधल्या एका रविवारी बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "ऑगस्टमध्ये ऑफिसच्या कामाने झुरिकला येतोय. शेवटी चार दिवस सुट्टी टाकतो. ग्लेशियरवर चालायला येतेस?"

मी लगेच हो म्हणाले. मी एवढ्या पटकन कशालाच हो म्हणत नाही. दुकानात पिशवी हवी का विचारलं तरी मला विचार करावा लागतो.

मी सतरा वर्षांची आहे आणि आईबरोबर इंग्लंडमध्ये, मेडनहेडला राहते. आई-बाबा वेगळे झाले आणि अडीच वर्षांपूर्वी बाबा पुण्याला परत गेले. तेव्हापासून आमचं सगळं रविवारच्या कॉलवर चालतं. त्यातही अर्धा वेळ मला त्यांचं कपाळच दिसतं, कारण फोन कसा धरायचा हे त्यांना अजून जमलेलं नाही.

आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. नोव्हेंबरमध्येच मी कॉलेज सोडलं होतं. कॉलेज म्हणजे इथलं सिक्स्थ फॉर्म, आपल्याकडची अकरावी-बारावी. वर्गात उठून बोलायची वेळ आली की माझ्या तोंडून आवाजच निघायचा नाही. मग मी त्या दिवशी जायचेच नाही. मग आठवडाभर नाही. मग एकदम बंदच. आता मी जवळच्या रेडिंग गावात एका सायकल वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस आहे. बाबा मात्र अजून विचारायचे, "फिजिक्स कसं चाललंय?" आणि मी म्हणायचे, "ठीक."

आईने स्पष्ट सांगितलं होतं. "मी तुझ्या बाबांना काही सांगणार नाही. तुझं तू सांग. आणि फोनवर नको, भेटून सांग."

म्हणजे हातात चार दिवस होते. सांगायचं होतं. पण सांगितलं की ते चार दिवस खराब होणार, हेही माहीत होतं.

या ट्रेकबद्दल मराठीत शोधलं तर मला काहीच सापडलं नाही, म्हणून आधी कामाचं लिहिते. स्वित्झर्लंडमधल्या आलेच (Aletsch) नावाच्या ग्लेशियरवरचा हा ट्रेक दोन दिवसांचा आहे. युंगफ्राउयोखपर्यंत ट्रेनने जायचं, तिथून बर्फावरून उतरत काँकॉर्डिया नावाच्या हटवर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी ग्लेशियरवरून खाली येऊन बाहेर पडायचं. गाईडशिवाय जाऊ नका, बर्फाखाली भेगा असतात आणि त्या वरून दिसत नाहीत. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, आणि कमरेचा पट्टा गाईडच देतो. बूट मात्र कडक तळव्याचे लागतात. मी भाड्याने घेतले. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसाचं खूप आधी बघा. ट्रेनचं तिकीट भयंकर महाग आहे, तेव्हा हाफ फेअर कार्ड, म्हणजे अर्ध्या भाड्याचा पास, काढा. हटवर आंघोळ नाही, नळ नाही, पाणी विकत घ्यावं लागतं. आणि व्हेज असाल तर बुकिंग करतानाच सांगा, तिथे पोचल्यावर नाही.

झुरिक स्टेशनवर बाबा मोठ्या घड्याळाखाली उभे होते. कॉलवर दिसतात त्यापेक्षा बारीक वाटले. मी मिठी मारायला गेले, तेवढ्यात त्यांनी माझी सॅक घ्यायला हात पुढे केला, आणि शेवटी दोन्ही अर्धं अर्धंच झालं.

"उंच झालीस गं."

"दोन वर्षांपासून एवढीच आहे."

"मग मीच आखडलो असेन."

ट्रेनमध्ये त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणि गुळपोळ्या काढल्या. खिडकीतून तलाव जात होते, निळे, खोटे वाटावेत असे. बाबा प्रत्येक तलावाचं नाव सांगत होते आणि मी मनात वाक्य जुळवत होते. बाबा, एक सांगायचंय. बाबा, तुम्ही चिडू नका. इंटरलाकेन आलं आणि आम्ही उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लाल ट्रेन. डोंगराच्या पोटातून चढत चढत साडेतीन हजार मीटरवर सोडते. एवढ्या उंचीवर इतक्या पटकन पोचल्यामुळे डोकं जड होतं. हळू चाला आणि पाणी पीत राहा. वर आमची गाईड उर्सुला भेटली. पन्नाशीची, उन्हाने भाजलेल्या चेहऱ्याची, कमी बोलणारी. मला ती लगेच आवडली. ग्रुपमध्ये आणखी दोघंच होते, बर्मिंगहॅमचे रिटायर्ड मॉरीन आणि जॉन.

बोगद्यातून बाहेर आलं की एकदम पांढरं. आणि त्या पांढऱ्यात आपले लोक. पुण्याहून आलेली अख्खी टूर बर्फात फोटो काढत होती. उर्सुला आम्हाला एका दोरीत बांधत होती. पुढे ती, मग मॉरीन, जॉन, मग मी आणि शेवटी बाबा. दोघांच्या मध्ये दहा-बारा पावलं.

एक काकू ओरडल्या, "अगं बाई, एवढ्याशा पोरीला दोरीने बांधलंय!"

त्यांचे मिस्टर म्हणाले, "ते प्रोफेशनल असतात गं."

बाबा लांबूनच म्हणाले, "नाही हो, कोथरूडचे आहोत."

मग काय, काकू थेट दोरी ओलांडून आल्या आणि माझ्या खिशात चकल्यांचं पाकीट कोंबलं. "घे गं, तिकडे काही मिळणार नाही. काय शिकतेस?"

मी तोंड उघडलं. पण बाबांनी मागून उत्तर दिलं. "ए लेव्हल्स चालू आहेत. फिजिक्स, मॅथ्स. पुढे इंजिनिअरिंग." त्यांचा आवाज इतका खूश होता. माझ्याबद्दल सांगायला त्यांना रोज कोण भेटत असणार?

"हुशार आहे हो," काकू म्हणाल्या. मी बुटांकडे बघितलं.

निघायच्या आधी उर्सुलाने एकच नियम सांगितला. दोरी ताणलेली ठेवायची. पुढच्याच्या जवळ जायचं नाही, कितीही वाटलं तरी. कोणी भेगेत पडलं तर ताणलेली दोरी त्याला लगेच धरते. दोरी सैल असेल तर तो खोल जातो आणि मागच्यालाही ओढतो. "आणि मागची दोरी सैल झाली तर ओरडून सांगायचं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मला पुढून दिसत नाही."

ओरडायचं. नेमकं मला.

पहिला तास चालायला सोपा होता. उताराचा बर्फ, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि मध्ये एवढी मोकळी जागा की डोळ्यांना कुठे थांबायचं कळत नाही. टूरचे आवाज मागे पडले. फक्त बुटांची करकर. मला वाटलं, इथे राहता आलं तर किती बरं. इथे कोणी प्रश्न विचारत नाही.

आणि माझा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला.

तसं काही विशेष नव्हतं. खाली पोकळ होतं आणि पाय हवेत लटकत होता, एवढंच. उर्सुला लांबूनच शांतपणे म्हणाली, "हलू नकोस. मग हळूच आडवी हो." पण मागून धप धप पावलं ऐकू आली. बाबा पळत येत होते. "थांब, थांब, आलो, हात दे!" माझ्यामागे दोरीची वेटोळी पडत होती.

उर्सुला ओरडली, "मागे! मागे जा!" बाबा थांबेनात. ते कदाचित ऐकतच नव्हते. मग ती मला म्हणाली, "तू सांग त्याला!"

मी ओरडले. मला माहीतच नव्हतं की माझा आवाज एवढा आहे. "बाबा, मागे व्हा! जवळ येऊ नका!"

ते चार पावलांवर थांबले. हात अजून पुढेच होता. आणि चेहरा असा, की मी त्यांना काहीतरी फार वाईट बोलले होते. मग ते एक एक पाऊल मागे गेले. दोरी ताणली गेली, मला कमरेला जाणवलं. मी आडवी होऊन पाय बाहेर काढला.

"ती माझी मुलगी आहे," बाबा इंग्रजीत उर्सुलाला म्हणाले.

"कळलं मला," ती म्हणाली. "म्हणून तर जास्त लांब राहायचं."

काँकॉर्डिया म्हणजे तीन-चार हिमनद्या एकत्र येतात ती जागा. तिथे मध्ये उभं राहिलं की आपण मुंगीपेक्षा लहान. हट मात्र वर कड्यावर आहे आणि तिथे जायला लोखंडी जिने, चारशेच्या वर पायऱ्या. उर्सुला म्हणाली, हट बांधली तेव्हा बर्फ जवळजवळ तिथपर्यंत होता. बर्फ खाली खाली जातोय आणि हे लोक जिना लांबवत आहेत. मॉरीन धापा टाकत म्हणाली, "पुढच्या वर्षी लिफ्ट बसवा." वर सूप आणि पास्ता मिळाला. चकल्या सगळ्यांनी खाल्ल्या, जॉनने सर्वात जास्त.

जेवताना बाबा माझ्याशेजारी बसले होते. खांद्याला खांदा लागत होता. तीच सांगायची वेळ होती, खरं तर. पण ते म्हणाले, "किती दिवसांनी आपण एका टेबलावर जेवतोय," आणि मला ते मोडवेना. मी त्यांच्या ताटातला एक टोमॅटो उचलला. लहानपणी उचलायचे तसा. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. वाटलं, हे असंच चालू राहू दे. मला बाकी काही नको.

दुसऱ्या दिवशी पाचला उठवतात, तयारीत राहा. जिने उतरून खाली आलो, क्रॅम्पॉन बांधले. आता कालचा भुसभुशीत बर्फ नाही, उघडा काचेसारखा कडक बर्फ होता, राखाडी, मध्येच निळा, आणि आतून पाण्याचा आवाज. परत तीच दोरी, तीच रांग. पुढे जॉनची पाठ, मागे बाबा. मागे बघायचं नाही, पायाकडे बघायचं.

तासभर चाललो असू. उद्या दुपारी बाबांचं विमान आहे, हे सारखं डोक्यात येत होतं. आणि मग मला सुचलं. ते जवळ येऊ शकत नाहीत. मला त्यांचा चेहरा दिसत नाही. आणि बाकी कोणाला मराठी कळत नाही.

"बाबा!" मी पुढे बघतच ओरडले.

"काय गं? सैल झाली का?"

"मी कॉलेज सोडलं!"

कमरेला हिसका बसला. ते थांबले होते. माझ्यामुळे जॉन थांबला, त्याच्यामुळे मॉरीन.

"प्रॉब्लेम?" उर्सुलाने विचारलं.

"नो प्रॉब्लेम," बाबांचा आवाज आला. "क्रॅम्पॉन."

आम्ही परत चालायला लागलो. वीसेक पावलांनंतर मागून आलं, "कधी?"

"नोव्हेंबर!"

"आईला माहितीये?"

"हो!"

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहितीये," ते म्हणाले. हे त्यांनी ओरडून नाही म्हटलं, पण तिथे इतकी शांतता होती की ऐकू आलं. मला वळायचं होतं. पळत जायचं होतं त्यांच्याकडे. काल ते का पळाले ते मला तेव्हा कळलं.

"फिजिक्स ठीक चाललंय म्हणालीस."

"घाबरले होते!"

"कोणाला? मला?"

मी एका भेगेवरून पाय पलीकडे टाकला. पुढे मॉरीन जॉनला विचारत होती, "काय चाललंय त्यांचं?" जॉन म्हणाला, "जेवणाचं असेल, सूर तसाच आहे."

"मग दिवसभर करतेस काय?" मागून.

"सायकल वर्कशॉपमध्ये आहे! शिकतेय!"

"काय शिकवतात?"

"आता व्हील्स! वाकडं झालेलं चाक स्पोक आवळून सरळ करायचं!"

"आउट काढायचा," बाबा म्हणाले. पुण्यात त्याला तसं म्हणतात. मला हा शब्द माहीत नव्हता. त्यानंतर दोरी एकदाही सैल झाली नाही, आणि एकदाही हिसका बसला नाही. तीन तास.

ग्लेशियर सोडून मेरयेलेन नावाच्या तळ्याशी आलो आणि दोरी सोडली. तुम्ही गेलात तर इथे बसा जरा. पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत असतात. बाबा येऊन शेजारी बसले. "मी चिडलोय," ते म्हणाले.

"माहितीये."

"सोडलंस म्हणून पण. पण जास्त याचं, की नऊ महिने मी लोकांना तुझ्या फिजिक्सचं सांगत फिरलो."

"सॉरी बाबा."

त्यांनी उरलेली गुळपोळी काढली, अर्धी मला दिली. मग दोन तास चालून केबल कार, मग ट्रेन. ट्रेनमध्ये ते झोपले, किंवा तसं दाखवलं. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं काही बोलतील. त्यांच्या फ्लाइटची अनाउन्समेंट झाली.

घरी आले तेव्हा मेडनहेडला पाऊस होता आणि आईने वरण-भात केला होता. "सांगितलंस?" तिने विचारलं. मी मान हलवून हो म्हटलं. तिने माझं ताट वाढलं.

लोक विचारतात, ट्रेक कसा झाला. बेस्ट झाला. मी परत जाईन. पण खरं सांगू, मला डोंगरापेक्षा कमरेवरचं ते ताणलेपण आठवतं. स्टेशनवर चालताना, वर्कशॉपमध्ये वाकलेली असताना, मध्येच वाटतं की मागे दहा-बारा पावलांवर कोणीतरी आहे. मग वळून बघितलं की कोणी नसतं.

दोन रविवार बाबांचा कॉल आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. आधी त्यांनी विचारलं की परीक्षा बाहेरून देता येते का. मी म्हटलं, बघते. मग कपाळ बाजूला झालं आणि स्क्रीनवर एक जुनी सायकल आली, गॅलरीत उलटी ठेवलेली. "सोसायटीतल्या एकाने फेकायला काढली होती," ते म्हणाले. "मागच्या चाकात आउट आहे. सांग, कुठून सुरू करू?"

मी सांगितलं. ते स्पोक उलट्या बाजूला फिरवायचे, मी ओरडायचे, ते हसायचे. मी तिथे असते तर दहा मिनिटांचं काम होतं. फोनवर तास गेला आणि चाक अजून थोडं डुलतच होतं.

"असू दे," बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी परत बघू."